साहाय्यामागील मूल्ये
(पिंपरी पेंढार येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या पिंपरी पेंढारहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओतूर हे गाव आहे. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी तेथून जोतीरावांना एक पत्र लिहिले. गावाने गावाला साहाय्य करावे ते कोणत्या वृत्तीने, याचा विचार करताना मला ते पत्र आठवते. कारण ते आपल्याच परिसरातून, एका शिक्षिकेने लिहिलेले आहे.

तो काळ भीषण दुष्काळाचा होता. चारापाण्यावाचून गुरे मरत होती. माणसे मुलाबाळांस व वृद्ध मायबापांस मागे टाकून परागंदा होत होती. १८७३ साली पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या येथील मंडळींनी दुष्काळनिवारणाच्या समित्या नेमून अन्नसाहाय्याचे काम हाती घेतले. भाऊ कोंडाजी व उमाबाई हे दांपत्य सावित्रीबाईंची काळजी वाहत होते.

या कार्यातील पहिले मूल्य हे की, साहाय्य करणारे त्याच मातीतले होते. दुष्काळ त्यांच्याही दाराशी होता. म्हणून त्यांच्या देण्यात उपकाराची भाषा येण्यास जागा नव्हती.

दुसरे मूल्य निर्भयतेचे. सावकारांच्या पिळवणुकीने दंगे उसळले आणि पन्नास सत्यशोधक पकडले गेले. कलेक्टरांनी बोलावले असता सावित्रीबाईंनी ठामपणे विचारले की, या भल्या माणसांवर खोटे आरोप कशासाठी? कलेक्टरांनी त्यांना सोडून दिले व ज्वारीच्या चार गाड्या पाठविल्या. भुकेल्याला भाकरी देणे आणि त्याच्यावरील अन्यायाविरुद्ध बोलणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकच मानली.

तिसरे मूल्य आपला वाटा उचलण्याचे. १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकविणाऱ्या या बाईंनी आपले काम शाळेच्या उंबरठ्याशी संपते असे कधी मानले नाही. त्याच वर्षी समाजाने अनाथ व भुकेल्या मुलांसाठी धनकवडी येथे बालाश्रम चालविला. पुढे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत असतानाच, १० मार्च रोजी, सावित्रीबाईंचा अंत झाला.

आज तसा दुष्काळ नाही. परंतु अडचणीतले मूल प्रत्येक शाळेत आहे. शेतमजुरीसाठी परगावाहून आलेल्या कुटुंबाचे मूल चार दिवस शाळेत दिसते आणि मग दिसेनासे होते. हे प्रथम कोणाच्या लक्षात येते? हजेरी घेणाऱ्या शिक्षकाच्या. ती गैरहजेरी केवळ नोंदवून आपण थांबलो, तर एका मुलाचे शिक्षण तेथेच संपण्याचा धोका आहे.

अशा वेळी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आपल्या पाठीशी आहे. शाळा सोडल्याचा दाखला किंवा वयाचा पुरावा हाती नाही, एवढ्यावरून मुलाचा प्रवेश अडविता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. ही समिती केवळ सह्यांपुरती न ठेवता तिच्यापुढे अशा मुलांचा प्रश्न मांडावा. कोणी त्या कुटुंबाच्या बिऱ्हाडी जावे, कोणी वह्या-पुस्तकांची सोय करावी, हे तेथेच ठरावे. जमाखर्च सर्वांना पाहता येईल असा असावा. मात्र घेणाऱ्या मुलाला सभेत उभे करून त्याचे छायाचित्र काढू नये. वह्या मिळाल्या आणि मान खाली गेली, तर ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येईलच असे नाही.

आपल्या हजेरीपटावर या महिन्यात ज्या नावापुढे सलग गैरहजेरी आहे, त्या एका घरी या आठवड्यात आपण स्वतः जाऊन यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.