रुग्णवाहिका उशिरा आली तर विचारायचं कुणाला?

आज मी कर्जाचं किंवा हप्त्यांचं बोलणार नाही. आज गाडीचं बोलायचंय, रुग्णवाहिकेचं.

आपलं वैराग बार्शी-सोलापूर रस्त्यावर. बार्शी जवळ आहे, सोलापूरही फार लांब नाही, असं आपण पाहुण्यांना सांगतो. पण रात्री दोन वाजता सुनेला कळा सुरू झाल्या आणि वस्ती रस्त्यापासून आत असली, की तेच अंतर संपता संपत नाही. उसाचे दिवस असले तर पुढे दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो, तो वेगळाच.

१०८ नंबर सगळ्यांना पाठ आहे. ही सेवा राज्यात २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, ९३७ गाड्यांवर. पैसे सरकारचे, पण गाड्या चालवायचं काम पहिल्यापासून ठेक्यावर, खाजगी कंपनीकडे. गाडीत डॉक्टर असतो आणि आपल्याकडून एक रुपया घ्यायचा नसतो. खेड्यात साधारण अर्ध्या तासात पोहोचावं, असं उद्दिष्ट ठेवलेलं आहे.

आता गाडी दीड तासाने आली, तर आपण कुणावर चिडतो? ड्रायव्हरवर. तो बिचारा आधीच्या पेशंटला सोडून तसाच आलेला असतो. ठेका झाला मुंबईत, फोन लागतो लांबच्या नियंत्रण कक्षात. आपला सरपंच त्या कंपनीला दंड करू शकत नाही, हे खरं आहे. म्हणून तो हात वर करतो. पण वर कळवायला त्याला कुणी अडवलेलं नाही, आणि कळवायचं तर हातात नोंद पाहिजे. "गाडी उशिरा येते" एवढ्यावर कुणी हलत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता फोन केला, गाडी किती वाजता आली, कुठे नेलं, हे लिहिलेलं असेल तर साहेबाला उत्तर द्यावं लागतं. फोनची वेळ मोबाईलमध्ये असतेच. ती पुसली जायच्या आत गटाच्या वहीत उतरवा.

हे काही मी नवीन सांगत नाही. आपल्या शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, पुणे, ठाणे, अमरावती आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांत २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्या लोकांनी दवाखान्याचे तक्ते भरले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवले. तिथे बोलणाऱ्यांत आपल्यासारख्याच बायका होत्या.

१०२ ची गाडी वेगळी. ती गरोदर बाई, बाळंतीण आणि आजारी तान्ह्या बाळासाठी. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या दवाखान्यात आणि परत घरी, तिन्ही खेपा फुकट. डिझेल नाही म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. ही गाडी आरोग्य केंद्रात उभी असते, म्हणजे जिल्हा परिषदेच्या हाताखाली. तिचं लॉगबुक मागता येतं, माहितीच्या अधिकारातही.

आणि खाजगी गाडी. खरी अडचण इथे आहे, कारण दोन्ही नंबर लागले नाहीत की आपण तिलाच फोन करतो. गाडीवाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो आणि आपण मान हलवतो. त्या वेळी घासाघीस कोण करणार? पण त्याचीही बाजू ऐका. गाडीचा हप्ता, विमा, पासिंग, टायर, ड्रायव्हरचा पगार, आणि आठवड्यात खेपा मिळतात मोजक्या. मग मिळेल त्या एका घराकडून तो सगळं वसूल करतो. ते मला मान्य नाही. पण त्याने गाडी विकून टाकली तर आपल्याला पिकअपमध्ये पेशंट घालावा लागेल, हेही विसरता येत नाही. म्हणून भांडण नको, ठरलेला दर हवा.

तो दर ठरवायचा अधिकार सरकारकडे आहे. कोरोनात, २०२० मध्ये, आपल्या राज्याने खाजगी रुग्णवाहिकांचे दर ठरवायला जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानेही सगळ्या राज्यांना वाजवी दर ठरवायला लावले. आपल्या जिल्ह्यात हे काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचं, आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. आज लागू असलेलं दरपत्रक आरटीओ ऑफिसातून लेखी मागा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला सांगा. भाडं एका बाजूचं की जाऊन-येऊन, थांबण्याचे पैसे वेगळे का, ऑक्सिजनचे किती, हे त्यात बघून घ्या. आमच्या मते गाडीवाल्यालाही बैठकीत बोलवावं, चहा द्यावा आणि ऑक्सिजनचं सिलिंडर भरलेलं आहे का ते दिवसाउजेडी विचारावं.

हे विचारायची जागा ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या तारखा आपल्याला माहीत आहेतच. त्याआधी महिला सभा होते, ठराव तिथूनच घेऊन जा. वैराग आता नगरपंचायत झालंय, इथे ग्रामसभा नाही. तेव्हा इथल्या गटांनी नगरसेवकाला सोबत घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

पैशाचंही सांगते. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो, तो अशाच अडचणीसाठी. पण रात्री बँक उघडी नसते. थोडी रक्कम कुणाकडे ठेवायची आणि कुणाच्या सहीने द्यायची, हा ठराव आधीच लिहून ठेवा.

आणि फोन करताना नुसतं "वैरागजवळ" म्हणू नका. गाव, तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर, कोणत्या फाट्यावरून आत यायचं, जवळ शाळा की देऊळ, हे सांगा. एकाला बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा. हा पत्ता आजच कागदावर लिहा आणि सासूबाईंनाही वाचून दाखवा, कारण त्या रात्री घरात त्या एकट्याच असतील.