कागद गहाणाचा की खरेदीचा?
(पुण्यातल्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आज आपण पुण्यात जमलोय. याच मुलखात जमीन गहाण टाकणाऱ्याला वाचवायचा कायदा आपल्या पणज्यांच्या काळात झाला. कुणाच्या दयेनं झाला नाही. १८७३ पासून आंबेगावकडच्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले, आपला महादेव कोळी, साहुकारांवर चालून गेला. १२ मे १८७५ ला सुप्याला शेतकऱ्यांनी साहुकारांची खतं जाळली. होन्या १८७६ ला पकडला गेला. पण चौकशी बसली, अन् १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चारच जिल्ह्यांना.

त्यात काय होतं? कोर्टानं नुसतं खत वाचायचं नाही. मूळ घेतले किती, फेडले किती, व्याज मुदलात कितीदा मिळवलं, हे मागं जाऊन बघायचं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. थकलं तर हप्ते बांधून द्यायचे. साहुकारानं पावती द्यायची. पावती! आजही मागितली तर साहुकार हसतो.

मग साहुकारानं वाट काढली. गहाणखताच्या जागी खरेदीखत करायचं अन् तोंडानं सांगायचं, "पैसे आण, जमीन घेऊन जा." पुढं कायद्यात दुरुस्ती झाली, की खरेदी लिहिली तरी खरा व्यवहार गहाणाचा होता का, हे कोर्टानं तपासावं.

तीच चाल आपल्या पाड्यांवर चालते. आखाडात घरात दाणा नसतो, नाहीतर लग्न, दुखणं. अंगठा गहाण म्हणून देतो, कागदावर खरेदी असते, साक्षीदार त्याचाच. तलाठ्याकडं गेल्यावर कळतं, नाव उडालं.

आदिवासीला आज जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ आहे, ६ जुलै १९७४ पासून. कलेक्टरच्या आधीच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला आपली जमीन गहाणानं, खंडानं, खरेदीनं, कशानंच घेता येत नाही. एकट्या कलेक्टरच्या परवानगीनं गहाण जास्तीत जास्त ५ वर्षं. खरेदीला तर राज्य सरकारचीही मंजुरी लागते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मध्ये गेलेल्या जमिनींसाठी जमीन परत देण्याचा वेगळा कायदा आहे. त्यात आपण स्वतः कसणार हे लिहून द्यावं लागतं, अन् ठरलेली रक्कम भरावी लागते, ती हप्त्यांनीही भरता येते.

सोसायटीचं कर्ज मात्र निराळं. तिथली नोटीस आली तर चुलीत घालू नका, संघटनेकडं आणा. अन् वनगावात सातबाराच नाही, तिथं जमिनीऐवजी झाडावरचा हिरडाच आधी बांधून घेतात. त्यावर पुढच्या बैठकीत बोलू.

गावी गेल्यावर तलाठ्याकडून सातबारा अन् १९५७ पासूनच्या फेरफारांच्या नकला मागा. खरेदी लिहिली असेल तर कलेक्टरच्या परवानगीचा नंबर अन् तारीख आहे का, ते बघा. वाचता येत नसेल तर शाळेतलं पोर बरोबर न्या, साहुकाराचा माणूस नको. नकला जपून ठेवा, पुढच्या बैठकीला सगळ्या एकत्र मांडायच्या आहेत.