जेफरसनचा शर्ट कुणी धुतला?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या. एक, जेवणाची वेळ होण्याआधी थांबायचं. दोन, इतिहासाचा प्राध्यापक असलो तरी लोकांना झोप लागेल असं बोलायचं नाही. मे महिना आहे, मंडपातले पंखे नुसतीच गरम हवा फिरवतायत, तेव्हा झोप कुणाला लागेल असं वाटत नाही. म्हणून आज सगळ्यांच्या अंगाला आत्ता लागलेल्या विषयावरच बोलतो. घामावर.

नववीतला एक तास तुम्हाला आठवतो का बघा. सकाळची शाळा सुरू झाली होती, तरी दहा वाजता पत्रे तापायचे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा चालू होता. सरांनी एक चित्र दाखवलं. मोठं सभागृह, जाड कोट, गळ्याशी पांढरी झालर, गुडघ्यापर्यंत मोजे घातलेले पन्नासेक पुरुष. खाली तारीख, 4 जुलै 1776. मी हात वर करून विचारलं, "सर, जुलैत कोट घालून बसल्यावर यांना घाम नाही यायचा? हे आंघोळ कधी करायचे?" अख्खा वर्ग हसला. मागच्या बाकावरचे कोण कोण सगळ्यात जोरात हसले, ते आज इथेच बसलेत. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. उत्तर मला माहीत नाही. शोध आणि मला येऊन सांग."

सर, पस्तीस-छत्तीस वर्षं उशीर झाला. आज उत्तर घेऊन आलोय.

आधी तापमान सांगतो, कारण ते चक्क लिहून ठेवलेलं आहे. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे टॉमस जेफरसन हवामान नोंदवण्याचे शौकीन. 4 जुलैला फिलाडेल्फियात दुपारी एक वाजता त्यांनी 76 अंश फॅरनहाइट लिहिलं. म्हणजे आपले साडेचोवीस अंश. आपल्या विदर्भात एवढ्यावर लोक स्वेटर शोधतात. त्यामुळे त्या दिवशी सगळे भाजून निघाले, हे खरं नाही. एक गोष्ट मात्र जेफरसनच्या नावावर सांगतात. जवळच घोड्यांचा तबेला होता, तिथल्या माश्या रेशमी मोज्यांतून पायांना चावायच्या, आणि त्या वैतागानेच चर्चा लवकर आटोपली! खरं-खोटं देव जाणे.

खरी कोंडी झाली ती अकरा वर्षांनी. 1787 मध्ये त्याच इमारतीत राज्यघटना लिहायला 55 प्रतिनिधी जमले. 25 मे ते 17 सप्टेंबर, म्हणजे सबंध उन्हाळा. चर्चा गुप्त ठेवायची म्हणून दारावर पहारेकरी होते, आणि खिडक्याही बंद ठेवल्या होत्या असं सांगतात. अंगावर लोकरी कोट. बाहेर रस्त्यावर घोड्यांची लीद.

आता आंघोळीचं. आपण रोज दोन बादल्या पाणी घेणारी माणसं, आपल्याला हे पटायला जड जातं. पण त्या काळी स्वच्छता म्हणजे पाणी नव्हे, स्वच्छता म्हणजे कापड. अंगाला लागून लांब लिननचा शर्ट घालायचा, तो घाम शोषून घेणार, मग शर्ट बदलायचा. कॉलर आणि मनगटं पांढरीशुभ्र दिसली की माणूस सभ्य. सगळं अंग पाण्यात घालणं हा औषधोपचार होता. फिलाडेल्फियातल्याच एका सधन घरातल्या बाईंनी, एलिझाबेथ ड्रिंकर यांनी, 1799 मध्ये घराच्या अंगणातल्या शॉवरखाली आंघोळ केली आणि रोजनिशीत लिहिलं की गेल्या 28 वर्षांत आपण एकदमच सगळं अंग ओलं केलेलं नव्हतं. जॉर्ज वॉशिंग्टननी लहानपणी सभ्यपणाचे 110 नियम वहीत उतरवून काढले होते. त्यांत नखं, हात आणि दात स्वच्छ ठेवा असं आहे.

दातांचं पुढे काय झालं? 1789 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. कवळी लाकडाची होती ही दंतकथा. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, माणसांचे दात असं काय काय त्यांच्या कवळ्यांत वापरलेलं होतं.

बेंजामिन फ्रँकलिन यांची तऱ्हा निराळी. ते रोज सकाळी खोलीत अर्धा-एक तास अंगावर एकही कपडा न घालता बसून वाचत-लिहीत. याला ते हवेची आंघोळ म्हणत. 1776 च्या सप्टेंबरमध्ये प्रवासात त्यांना आणि जॉन अॅडम्स यांना एका खानावळीत एकच पलंग मिळाला. अॅडम्सनी सर्दीच्या भीतीने खिडकी लावली. फ्रँकलिन म्हणाले, उघडा. सर्दी थंड हवेने होत नाही, कोंदट खोलीत होते. आणि ते यावर व्याख्यान देऊ लागले. ऐकता ऐकता अॅडम्सना झोप लागली. व्याख्यात्यांनी यातून बोध घ्यावा, म्हणून मी आता मुद्द्यावर येतो.

सर, तुम्ही सांगितलेलं काम करताना मी कापडाच्या मागे लागलो. शर्ट बदलायचा म्हणजे तो कुणीतरी धुवायला हवा. आणि तेव्हाचं धुणं म्हणजे राखेच्या पाण्यात उकळणं, साबण लावून चोळणं, नीळ, खळ, आणि निखाऱ्यावर तापवलेली इस्त्री. हे सगळं त्याच उन्हाळ्यात, चुलीपाशी उभं राहून. सभागृहातल्यांना घाम येत होता, पण ज्यांच्यामुळे तो दिसत नव्हता त्यांना केवढा येत असेल!

1776 मध्ये जेफरसन गावाच्या टोकाला, हवेशीर जागा पाहून भाड्याने राहिले होते. दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. गुलाम. सगळी माणसं समान आहेत असं ज्या खोल्यांत लिहिलं जात होतं, तिथेच हा मुलगा वावरत होता. चौदा म्हणजे आपण नववीत होतो तेवढा. त्याला स्वातंत्र्य मिळालं 1794 मध्ये, तेही किंमत मोजून. 1787 मध्ये वॉशिंग्टनबरोबर विल्यम ली होते. मालकाचे केस विंचरून मागे बांधणं हे त्यांचं काम. तेही गुलाम. आणि वॉशिंग्टनच्या 1784 च्या हिशेबात गुलामांना नऊ दातांचे पैसे दिल्याची नोंद आहे.

या दोघांची नावं तरी राहिली. धुणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींची तीही राहिली नाहीत. चित्रात तर यातलं कुणीच नाही. तेव्हा, सर, माझ्या प्रश्नाचं उत्तर असं : घाम सगळ्यांना यायचा. तो पुसणारे चित्राच्या चौकटीबाहेर होते.

हे मी वर्गात बरीच वर्षं शिकवतो. मागच्या महिन्यात स्मरणिकेसाठी आपला दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो आला. आपण सगळे ओळीत, कडक इस्त्रीत. आणि मागे, व्हरांड्याच्या खांबाशी, अर्ध्या कापल्या गेलेल्या पाणीवाल्या मावशी. रोज विहिरीवरून पाणी आणून रांजण भरायच्या. मुलींच्या मोरीत पाणी असायचं ते त्यांच्यामुळे. मधल्या सुट्टीत आपण ओंजळ धरायचो आणि त्या वरून ओतायच्या. फोटोखाली द्यायला मी नावांची यादी केली. सत्तेचाळीस नावं जमली. मावशींचं नाव मला आठवेना. नऊ जणांना फोन केले. कुणालाच माहीत नाही. कारण आपण ते कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्यांच्या गुलामांची नावं मला पाठ आहेत, आणि ज्यांच्या हातचं पाणी पाच वर्षं प्यायलो त्यांचं नाव नाही. लाज वाटली, म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगतोय.

संयोजकांना माझी विनंती आहे. फोटोखाली अठ्ठेचाळिसावी जागा रिकामी ठेवा. तुमच्यापैकी जे अजून गावात आहेत त्यांनी जुन्या वस्तीत विचारा, घर सापडलं तर मला कळवा. मी स्वतः येईन. आणि सर, तुम्हाला नाव आठवत असेल तर जेवायला बसण्याआधी मला सांगा. या वेळी उशीर करणार नाही.