फळवाटपाच्या पुढे

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला ‘कर्करुग्णांची सेवा आणि विद्यार्थी’ हा विषय दिला आहे. आम्ही डॉक्टर नाही. बँकेच्या काउंटरवर बसून दुसऱ्यांचे पैसे मोजणारे कारकून आहोत आणि शिक्षण म्हणाल तर साधे बी. ए. तेव्हा आमच्याकडून शास्त्रोक्त व्याख्यानाची अपेक्षा कोणी करू नये. आमच्या हातून झालेल्या दोन चुका सांगाव्यात आणि त्यातून निघालेली एक सूचना आपणापुढे ठेवावी, एवढ्यासाठीच आम्ही उभे आहोत.

पहिली चूक संस्थेची आहे. दरवर्षी १४ एप्रिलच्या सप्ताहात आपण एका रुग्णालयात फळवाटप करतो. दोन वर्षांपूर्वीही केले. रविवार होता. बॅनर होता, फोटोग्राफर होता, तेवीस विद्यार्थी होते. एका वॉर्डात आम्ही एका गृहस्थांच्या हातात दोन केळी आणि एक संत्रे ठेवले. त्यांच्या जबड्याचे ऑपरेशन झाले होते आणि नाकात नळी होती. तोंडाने पाण्याचा थेंबही घेता येत नव्हता. त्यांनी फळे घेतली, दोन्ही हात जोडले आणि ती शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दिली. फोटो निघाला. तो मागच्या स्मरणिकेत छापलाही आहे.

बाहेर पडताना तिथल्या वैद्यकीय समाजसेविका बाईंनी आम्हाला थांबवले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “साहेब, फळं देणारे पुष्कळ येतात आणि सगळे रविवारीच येतात. ओपीडी सोमवारी उघडते. सोमवारी सकाळी आठला मला दोन मुलं द्याल का? पण तीच मुलं पुढच्या सोमवारीही येणार असतील तरच.”

मित्रांनो, या प्रश्नाला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते.

विनयपिटकाच्या महावग्गातील प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. एक आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. प्रवचनात आपण इथे थांबतो. पण ग्रंथ इथे थांबत नाही. पुढे आजाऱ्याची सेवा कोणी करायची याचा नियम घालून दिला आहे आणि चांगल्या सेवकाचे गुणही मोजून सांगितले आहेत. रोग्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळले पाहिजे, हा त्यातला एक गुण. लाभासाठी सेवा करू नये, हा दुसरा. नळी लावलेल्या माणसाच्या हातात केळे ठेवून फोटो काढणारे आम्ही या दोन्ही कसोट्यांना उतरलो नाही.

दुसरी चूक आमच्या घरची आहे. आमची सख्खी आत्या गावाहून आमच्याकडे उपचाराला आली होती. आयुष्यभर तिने मिश्री लावली. गालाच्या आत फोड आला तो तिने वर्षभर अंगावर काढला. डॉक्टरांनी किरणोपचार सांगितले, आठवड्यातून पाच दिवस, सुमारे साडेसहा आठवडे. आम्हाला बँक होती, आमच्या मंडळींना शाळेची नोकरी होती. पहिले चार दिवस सोबत गेलो, नंतर आत्या एकटी जाऊ लागली. तिला अक्षरओळख नव्हती. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “पोरा, त्या मशीनखाली दुखत तर काहीच न्हाई. मग रोज रोज कशाला? पुतणीचं लग्न हाय, जाऊन येते.” आम्ही शिकलेले. आम्ही म्हणालो, “जा, आठवड्याने काय बिघडतं?”

ती अकरा दिवसांनी आली. किरणांची मात्रा रोज थोडी थोडी का देतात, हे आम्हाला त्यानंतर एका डॉक्टरांनी समजावले. मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात, म्हणून ती वाटून देतात. पण मध्ये मोठा खंड पडला तर रोगाच्या पेशींनाही वाढायला सवड मिळते. तिच्या कार्डावर न चुकता येण्याची सूचना इंग्रजीत छापलेली होती. ते कार्ड आमच्या घरात टेलिव्हिजनवर पडलेले असे आणि आम्ही ते एकदाही वाचले नाही. आत्या पुढच्या वर्षी गेली. खंड पडला म्हणूनच गेली, असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण तिच्या घरात इंग्रजी वाचू शकणारा माणूस होता आणि त्याने वाचले नाही, ही गोष्ट खरी आहे. दोष रुग्णालयाचा नव्हता.

आपण परळच्या जवळ राहतो. टाटा मेमोरियल हॉस्पिटल आपल्या पिढ्यांनी येता-जाता पाहिले आहे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टने हे रुग्णालय उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. याच ट्रस्टने त्याआधी, १९३६ साली, मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा काढली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. दवाखान्याला डॉक्टर लागतो, तसा रोग्याच्या घरादाराची विचारपूस करणारा शिकलेला माणूसही लागतो, ही जाणीव या शहराला जुनी आहे. देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूकही मुंबईतच, जे. जे. रुग्णालयात, १९४६ साली झाली.

पण हे माणूसबळ पुरे पडणार कसे? परळच्या पदपथावर पथारी टाकलेली कुटुंबे आपण रोज पाहतो. कोणी जळगावचे, कोणी नांदेडचे, कोणी बिहार-बंगालचे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा कुटुंबांना आसरा देते. बाबासाहेब आणि गाडगेबाबा यांचा स्नेह आपल्याला माहीत आहेच. पंढरपूरची आपली धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती. छप्पर देण्याचे काम मोठ्या संस्था करतात. आपल्या छोट्या संस्थेला ते झेपणार नाही. मग आपल्याला काय झेपेल?

इथे आम्ही एक उदाहरण देतो. १९९८ साली टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सुरू केली. तपासणी साधी होती. सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या व्हिनेगरमध्ये असते तेच, लावायचे आणि डाग पांढरा पडतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचे. ही तपासणी केली कोणी? दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांनी, ज्यांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले होते. दीड लाखांवर स्त्रियांचा हा अभ्यास होता. सुमारे निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी अशी तपासणी झाली. बारा वर्षांचा हिशेब २०१३ साली जाहीर झाला, तेव्हा तपासलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. विद्यार्थी मित्रांनो, त्या बायकांकडे पदवी नव्हती. त्यांच्याकडे प्रशिक्षण होते आणि त्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दारात जात होत्या. आपल्याला हेच झेपेल.

आता ती दोन मुले सोमवारी सकाळी आठला करणार काय, ते सांगतो. गेल्या वर्षी आम्ही त्या बाईंना विचारूनच हा प्रयोग केला, म्हणून अनुभवाने सांगतो.

पहिले काम कागदांचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागते. एकावर सखुबाई, दुसऱ्यावर सखू. एकावर नवऱ्याचे नाव, दुसऱ्यावर वडिलांचे. बँकेत आम्ही हेच रोज पाहतो. अर्ज परत आला की खेड्यातला माणूस दुरुस्तीसाठी न भांडता गावी जातो आणि पुष्कळदा परत येत नाही. वाणिज्य शाखेच्या आपल्या एका विद्यार्थिनीने आठ आठवड्यांत असे कागद जुळवायला कित्येकांना मदत केली. प्रधानमंत्री राष्ट्रीय सहायता निधीचा अर्ज तिने इतक्यांचा भरला की आता तो तिला पाठ आहे.

दुसरे काम प्रवासाचे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाडे पूर्ण माफ असते, सोबत्याला तीन चतुर्थांश सूट असते. त्यासाठी ठरावीक नमुन्यात डॉक्टरांचा दाखला लागतो. हे माहीत नसल्याने पूर्ण तिकीट काढून येणारी कुटुंबे आमच्या मुलांनी पाहिली.

तिसरे काम वाचून दाखवण्याचे. कार्डावर काय लिहिले आहे, पुढची तारीख कोणती, कुठल्या मजल्यावर जायचे, उपाशीपोटी यायचे की खाऊन. चौथे काम रक्ताचे. बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, फार तर पाच दिवस टिकतात. त्यामुळे वर्षातून एकदा मोठे शिबिर घेतल्याने ती गरज भागत नाही. वर्षभर हाक मारल्यावर येतील अशा दात्यांची यादी लागते. ती आपल्याकडे होऊ शकते.

पदव्युत्तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी वाट वेगळी आहे. टाटा स्मारक केंद्राची खारघरला संशोधन संस्था आहे. तिथे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात. आपल्या मुलामुलींनी अर्ज करावेत. आपल्यासाठी ती जागा नाही, असे आधीच ठरवू नये. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर समाजसहभागाचे आणि प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक मिळू लागले आहेत. काहीजण त्यासाठी पैसे देऊन नुसती प्रमाणपत्रे आणतात असे ऐकतो. आपण ते करू नये.

प्रयोगाचा ताळेबंदही खरा मांडला पाहिजे. पहिल्या आठवड्यात तेवीस मुले आली. आठव्या आठवड्यात सहा उरली. काहींच्या परीक्षा होत्या. काहींना ते दृश्य सोसले नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण काही मुले प्रमाणपत्राचा फोटो निघाल्यावर आली नाहीत. त्यांची वाट बघत एक म्हातारे गृहस्थ दोन सोमवार बाकावर बसून होते. ज्याला “पुढच्या सोमवारी येतो” असे सांगितले, त्याच्याकडे न जाणे हे मुळात न जाण्यापेक्षा वाईट.

म्हणून काही पथ्ये. औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही. गावच्या काढ्याबद्दल तर मुळीच नाही. रोग्याला त्याचा आजार काय आहे हे आपण सांगायचे नाही. ते डॉक्टरांचे आणि घरच्यांचे काम आहे. फोटो काढायचा नाही. पैसे हाताळायचे नाहीत. रोग्याचे आडनाव ऐकून मदत कमी-जास्त करायची नाही. आपले आडनाव ऐकून कोणाच्या कपाळाला आठी पडली तरी त्याचा अर्ज तितक्याच नीट भरायचा. आमच्या एका विद्यार्थ्याला हा अनुभव आला. त्याने अर्ज पुरा केला आणि बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बराच वेळ गप्प बसला. आम्हाला त्याचा अभिमान वाटतो.

आता सूचना. कार्यकारिणीत काहींचे म्हणणे आहे की विहाराच्या रंगकामाचा खर्च आधी व्हावा आणि मुलांचा अभ्यास बुडू नये. दोन्ही चिंता योग्य आहेत. म्हणून आम्ही फार मागत नाही. संस्थेने दरवर्षी फक्त आठ विद्यार्थी निवडावेत. प्रत्येकाने आठवड्यातला एक सकाळचा वेळ, सलग सहा महिने द्यावा. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाच्या देखरेखीखाली आणि त्यांच्या परवानगीनेच काम करावे. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च संस्थेने करावा, कारण आपली मुले सेवा करू शकतात, पण पदरचे भाडे घालू शकत नाहीत. एवढी रक्कम फळवाटप, बॅनर आणि फोटोग्राफर यांच्या खर्चातून निघते. आम्ही हिशेब करून पाहिला आहे. बेरीज-वजाबाकीत तरी आम्ही चुकत नाही.

आणि मोठ्यांसाठी एक विनंती. घरी जाल तेव्हा आपल्या आई-आत्या-मावशीच्या ट्रंकेतली मिश्रीची डबी बघा. तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा चट्टा असेल तर त्यांना दवाखान्यात घेऊन जा. पाठवू नका, घेऊन जा. हा फरक आम्हाला फार उशिरा कळला.

उद्या सोमवार आहे. ती सहा मुले सकाळी आठला तिथे असतील. त्यांना आणखी दोन जोडीदार हवे आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर आमच्याकडे नाव द्यावे, पण सहा महिन्यांचा विचार करूनच द्यावे.