दगडी माणसाचा चित्रकार

श्रोतेहो, मी शब्दांचा माणूस. पण आज एका चित्रकाराविषयी बोलतो. जॅक कर्बी त्याचं नाव. १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, स्थलांतरित ज्यू कुटुंबात तो जन्मला. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार.

१९६१ मध्ये मार्व्हलच्या 'फँटॅस्टिक फोर' या कॉमिक मालिकेचा पहिला अंक निघाला. लेखक स्टॅन ली, चित्रकार कर्बी. अचाट शक्ती असलेले हे चौघे घरातल्या माणसांसारखे भांडत, रुसत. त्यांतला बेन ग्रिम अंगानं दगडाचा झालेला. ताकद मिळाली, पण चेहरा गेला, हे त्याचं दुःख. तोही लोअर ईस्ट साइडच्याच गल्लीतला!

लीकडून थोडक्यात कथासूत्र मिळायचं. प्रसंग कर्बी चित्रांतून रचायचा. संवाद त्यानंतर लिहिले जायचे. मग गोष्ट कुणाची? असे सलग १०२ अंक त्यानं काढले. त्याला मिळाले पानामागे पैसे. पात्रं कंपनीची झाली. स्वतःची मूळ चित्रं परत मिळवायलाही त्याला झगडावं लागलं. १९८७ मध्ये हजारो पानांपैकी सुमारे दोन हजारच हाती आली.

१९९४ मध्ये तो गेला. वारसांशी कंपनीची तडजोड झाली २०१४ मध्ये. त्यानंतर लीच्या जोडीनं त्याचंही नाव निर्माता म्हणून ठळकपणे येऊ लागलं.

कवितेखालचं माझं नाव छापताना गळलं, तर मला झोप लागत नाही. म्हणून सांगतो, मुलांच्या हाती असा अंक दिसला, तर आधी पहिल्या पानावरची नावं मोठ्यानं वाचायला लावा.