यंदा वाचलेली तीन पुस्तकं

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, साहित्यावर बोलायचा मला काही अधिकार नाही. पण यंदा तीन पुस्तकं वाचून संपवली, त्याबद्दल थोडंसं.

पहिलं फ्रेड ब्रूक्सचं 'द मिथिकल मॅन-मंथ' (1975). रखडलेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की तो अजूनच रखडतो, हे अगदी पटलं. उदाहरणं मात्र आता जुनी वाटतात.

दुसरं व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' (1955). शाळेत असताना कंटाळवाणं वाटलं होतं. आता दुष्काळात ओस पडणारी धनगरांची वाडी वाचताना, घर सोडून आलेल्या मला गलबलून आलं.

तिसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या बाईंनी इतकं मिश्कील आणि खरं लिहावं! मला सर्वांत आवडलं ते हेच. माझी आजीही अशीच गोष्टीवेल्हाळ होती, पण तिला कोणी अक्षर शिकवलं नाही. मीही तिच्या गोष्टी कधी लिहून घेतल्या नाहीत. त्या तिच्याबरोबरच गेल्या.

तेव्हा मंडळी, आज देणगीचा चेक तर द्याच, पण घरी गेल्यावर आई-वडिलांना फोन करून एक तरी गोष्ट उतरवून घ्या.