टिपेवरचा आकडा



मी वेल्डर आहे. भाषण करायची मला सवय नाही. पण तुमच्या वर्गाचे गुरुजी म्हणाले, "या मंडळींना आता वाचता येतं. वाचण्याचा तुमच्या धंद्यात काय उपयोग होतो, तेवढं सांगा." म्हणून आलो.

आपल्या रत्नागिरीत वेल्डिंगचं काम पुष्कळ आहे. मिरकरवाड्याला बोटींचं काम निघतं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत काम असतं. गावोगावी गेट, ग्रील आणि पत्र्याच्या शेडी होतात. तुमच्यापैकी काहीजणांची मुलं अशा कामावर जातात. काहीजण स्वतःही जात असतील.

आज मी एक लहानशी वस्तू बरोबर आणली आहे. ही पाहा. तांब्याची नळी. करंगळीच्या पेरापेक्षा थोडी लांब. मधून आरपार बारीक भोक. हिला टिप म्हणतात. किंमत म्हणाल, तर चहा-भज्यांएवढी. पण हिनं मला एकदा मोठा धडा शिकवला. तो मी शेवटी सांगणार आहे.

आधी ही टिप काय काम करते, ते ऐका.

जुन्या पद्धतीच्या वेल्डिंगला कांडी लागते. कांडी संपली की थांबायचं, दुसरी लावायची. नव्या पद्धतीत कांडी नाही. तिथं वायरीचा रोल असतो. मशीन ती वायर आपोआप पुढं ढकलतं. मिनिटाला कित्येक मीटर वायर सरकते. सोबत नळीतून गॅस येतो. तो वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. ही रीत १९४८ साली अमेरिकेत निघाली. पुढं १९५३ च्या सुमारास स्वस्त कार्बन डाय ऑक्साइड गॅस वापरायची युक्ती निघाली, आणि लोखंडाच्या कामात ही रीत सगळीकडे पसरली. कागदावर हिला मिग वेल्डिंग म्हणतात. दुकानात मात्र सगळे सीओटू म्हणतात.

आता एक प्रश्न. वायरीत वीज कुठून येते? रोलमधून नाही. ती येते या टिपेतून. वायर टिपेच्या भोकातून जाताना तांब्याला घासते. त्या घासण्यातच वीज तांब्यातून वायरीत उतरते. थोडीथोडकी नाही, शंभर-दीडशे अँपिअर! तुमच्या घरच्या पंख्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. एवढी वीज या बारीक भोकात वायरीला मिळते. म्हणून भोक वायरीच्या मापाचं पाहिजे.

भोक लहान असलं तर काय होईल? जाड दोरा बारीक नेढ्यात घालून पाहा. जात नाही. जोरानं घातला तर अडकतो. वायरीचंही तसंच होतं. थंड असताना कशीबशी जाते. तापली की फुगते आणि अडकते. मागून मशीन ढकलतच असतं. मग रोलरपाशी वायरीचा गुंता होतो. अगदी पाखराच्या घरट्यासारखा. तो कापून काढण्यात अर्धा तास जातो.

आणि भोक मोठं असलं तर? वायर आत डुगडुगते. कधी तांब्याला लागते, कधी सुटते. घरातल्या बोर्डात सैल पिन घातली की ती कशी चरचरते, ठिणग्या मारते? तेच टिपेच्या पोटात होतं. वीज कमी-जास्त होते. जाळ फडफडतो. शिंतोडे उडतात. कधी वायर मागं जळत येऊन टिपेलाच चिकटते. सगळ्यांत वाईट म्हणजे जोड आतून कच्चा राहतो. वरून दिसत नाही.

मग योग्य माप ओळखायचं कसं? इथंच वाचणं कामाला येतं. टिपेच्या अंगावर आकडा कोरलेला असतो. हा आकडा सहसा वायरीच्या जाडीचा असतो. वायरीच्या रोलवर चिठ्ठी असते. तिच्यावरही जाडी लिहिलेली असते. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. ०.८ मिलिमीटरची वायर, तर टिप ०.८ ची. १.२ ची वायर, तर टिप १.२ ची. वायर सरकायला भोक किंचित मोठं लागतं. ती जागा कारखान्यानं आधीच ठेवलेली असते. आपण आणखी ठेवायची नाही.

आकडे इंग्रजी असतात. घाबरू नका. शून्य आपल्यासारखंच. दोन आपल्या २ सारखाच. एक म्हणजे नुसती उभी काठी. आठ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन शून्यं. मधला बिंदू मात्र नीट शोधा. त्या बिंदूला फार किंमत आहे. आणि बिंदूनंतर तीन आकडे दिसले, तर तो इंचाचा हिशोब समजा. जाणत्याला विचारून घ्या.

आकडा पुसला असेल, तर हातानं पाहा. मशीन बंद करा. टिप थंड होऊ द्या, मग काढा. त्याच वायरीचा सरळ तुकडा भोकातून घाला. तो सहज सरकला पाहिजे, पण खुळखुळता कामा नये.

माप बरोबर असलं, तरी टिप जन्मभर पुरत नाही. जात्याचा खुंटा वर्षानुवर्षं फिरून भोक झिजवतो. इथं वायर रोज शेकडो मीटर घासून जाते. गोल भोक लांबट होतं. उजेडाकडे धरून पाहा. भोक अंड्यासारखं दिसलं की टिप बदला. बसवताना घट्ट आवळा. सैल टिप जास्त तापते. वायर ज्या रोलरवरून आणि ज्या लांब नळीतून येते, त्यांचंही माप असतं. वायर बदलली की तिन्ही तपासा.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे. खारा वारा! पावसाळ्यात वायरीला लवकर गंज धरतो. गंजातून वीज नीट जात नाही, आणि गंज टिपेचं भोक कानशीसारखं घासतो. म्हणून काम संपल्यावर रोल उघडा ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा.

आणि जिवाची गोष्ट. वायर अडकली म्हणून टॉर्चच्या तोंडात डोकावून बटण कधीही दाबू नका. सुटलेली वायर थेट डोळ्यात जाईल.

आता माझा धडा सांगतो.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका घराच्या घाटीला लोखंडी कठडा करायचा होता. रोल ०.८ चा होता. डब्यात त्या मापाची टिप सापडली नाही. मी १.२ ची लावली. मला वाटलं, वायर जाते आहे ना, मग झालं. जाळ फडफडत होता. शिंतोडे उडत होते. मी तसंच काम रेटलं. नंतर ग्राइंडर मारला, रंग दिला. कठडा नव्या नवरीसारखा दिसू लागला. मालकानं पैसे दिले, मी ते घेतले.

पुढच्या पावसाळ्यात त्या घरची आजी घाटी उतरत होती. पाय घसरला, तिनं कठडा धरला. जोड सुटला. आजी खाली आली आणि मनगट मोडलं.

मी बघायला गेलो. ती मला काही बोलली नाही. उलट म्हणाली, "बाबा, पाऊसच फार होता." पण मला ठाऊक होतं. पाऊस दरवर्षी येतो. चूक माझी होती. मी तिला तसं सांगितलं. कठडा फुकट नवा करून दिला. मनगट मात्र पहिल्यासारखं झालं नाही.

त्या टिपेवर आकडा स्वच्छ लिहिलेला होता. मला वाचता येत होतं, आणि तरी मी वाचला नाही.

मंडळी, तुम्ही मोठ्या कष्टानं अक्षर शिकलात. आता ते वापरा. रोलवरची चिठ्ठी वाचा. टिपेवरचा आकडा वाचा. दोन्ही जुळले, तरच बटण दाबा. जुळले नाहीत, तर थांबा आणि मालकाला सांगा, "या मापाची टिप आणून द्या." तो चिडेल. चिडू द्या. आपण केलेल्या जोडाला उद्या कुणीतरी हात घालून उभं राहणार आहे.